त्यात काय एवढं!

दुसऱ्याचं पेटंट पाडायचंय? मग आधी ते शांतपणे, शेवटच्या दाव्यापर्यंत (म्हणजे ‘एवढं माझं’ असं सांगणाऱ्या शेवटच्या कलमापर्यंत) वाचून काढा. उत्तर समोर ठेवून गणित सोडवण्यासारखं सुख नाही.

समजा, प्रकरण अमेरिकेतलं आहे आणि वस्तू शील्डेड केबल. चपटी. तांब्याच्या तारांच्या जोड्या शेजारी शेजारी, वर-खाली धातूची फिल्म, आणि दोन जोड्यांच्या मधे या फिल्म चिमटीत धरल्यासारख्या दाबलेल्या. का, तर एका जोडीतला सिग्नल शेजारणीकडे डोकावू नये. फिल्म नेमकी किती जवळ आणायची, यात कुणीतरी डोळे फोडले असतील. फोडू देत. तुम्ही दोन जुनी पेटंटं शोधा: एकात फिल्म, दुसऱ्यात दाबलेला भाग. टाचणी लावा आणि म्हणा, त्यात काय एवढं! अंतराचा आकडा कुठेच मिळाला नाही, तर तो ‘नेहमीच्या चाचण्यांत सापडलाच असता’. फारच अडलं, तर इंग्रज अभियंता हेव्हिसाइडने १८८० साली घेतलेलं कोअ‍ॅक्सियल केबलचं पेटंट आहेच.

आता अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १०३ मधल्या त्या गृहस्थांना बोलवा, ज्यांना उघड वाटलं असतं त्याला पेटंट मिळत नाही: ‘त्या क्षेत्रातला सर्वसाधारण जाणकार’. १९५२ पासून कायद्यात मुक्काम, जन्म मात्र कधीच नाही. संबंधित झाडून सगळी पेटंटं यांची वाचलेली, तरी बुद्धी बेताची. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या पेडलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा काही यंत्रमानव नव्हे, यालाही थोडी कल्पकता आहे. तेव्हापासून याला तुमच्या सोयीचं तेवढं सुचतं.

समोरचा वकील विचारेल, ‘त्याला जमलं असतं, मान्य, पण करावंसं का वाटलं असतं?’ घाबरू नका. २०१५ साली बेल्डेन विरुद्ध बर्क-टेक या केबलच्याच खटल्यात फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयाने, हा फरक अगदी ठासून सांगितला. आणि त्याच निकालात, पेटंट कार्यालयाच्या बोर्डाने वाचवलेले दोन दावेसुद्धा पाडले!

अपिलात तोंडी युक्तिवादाला प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटं मिळतात. केबलचा तुकडा खिशात असू द्या, पण दाखवू नका; वस्तू हातात आली की माणसाला बनवणाऱ्याचं कौतुक वाटू लागतं. मग नियम ३६ ची वाट पाहा. त्याखाली न्यायालय कारणं न देता, खालचा निकाल उचलून धरत, एका शब्दात मोकळं होऊ शकतं: ‘कायम’.

आणि बाहेर कुणी विचारलंच, का हो, कारण काय दिलं? तर खांदे उडवा. कारण कशाला, उघडच तर होतं.