‘दहा रात्री भरा, अकरावी फुकट’: एका फॉरवर्डची उलटतपासणी

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं हे ठरायला लागलं की घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा उगवतो. या खेपेला आमच्या धाकट्या भाऊजींनी टाकला. वर दुहेरी बाण, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’. मूळ लिहिणारा कोण, देव जाणे. मजकूर थोडक्यात असा: हॉटेल कायम एकाच साइटवरून बुक करा, दहा रात्री भरल्या की अकरावी फुकट मिळते. साइटचा मेंबर दर सगळ्यांत स्वस्त असतो. त्याहून कमी दर द्यायला हॉटेलला बंदीच असते, म्हणून थेट फोन करणारे फसतात. पॉइंट किरकोळ खर्चू नका, साठवून मोठ्या ट्रिपला वापरा. लेव्हल वाढवायला एखादी रात्र जास्तीची बुक करावी लागली तरी करा. शेवटी हात जोडलेले, आणि ‘हुशार लोक असेच फिरतात’.

मी जमाखर्च लिहून पोट भरते. ‘फुकट’ हा शब्द दिसला की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. शिवाय या हुशार लोकांत काही वर्षं माझीही गणती होती, तेव्हा जे लिहितेय ते थोडं स्वतःलाच ओरडून घेणं आहे.

आधी ती अकरावी रात्र. ही निव्वळ थाप नाही, शिळी बातमी आहे. हॉटेल्स डॉट कॉमची योजना खरंच अशी होती: दहा रात्रींचे दहा शिक्के, मग एक रात्र बक्षीस. पण बक्षिसाची किंमत म्हणजे त्या दहा रात्रींच्या दराची सरासरी, तीही कर वगळून. दहा रात्री ४,००० रुपयांनी काढल्या असतील तर अकरावीला ४,००० पर्यंतची खोली. खोली ५,००० ची घेतली तर वरचे हजार तुमचे. ३,००० ची घेतली तर उरलेले हजार गेले, परत मिळत नसत. आणि ‘फुकट’ रात्रीवरचा कर खिशातूनच. एवढं सगळं धरूनही जवळजवळ दहा टक्के परतावा म्हणजे चांगलीच योजना होती, हे मी मान्य करते.

मग जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत ती बंद झाली. एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो या एकाच घरातल्या तीन साइटींसाठी ‘वन की’ नावाची एकच योजना आली आणि हॉटेलवरचा परतावा झाला दोन टक्के, करापूर्वीच्या रकमेवर. आधी हजार डॉलर खर्चले की शंभराची रात्र हाती यायची, आता वीस डॉलर येतात. जुने शिक्के त्यांनी नव्या पैशांत बदलून दिले, तिथे लबाडी नाही. पुढची कमाई मात्र पाचपट घटली. फॉरवर्डला याचा पत्ता नाही. तो अजून २०२२ मध्येच राहतोय.

दुसरा मुद्दा, ‘मेंबर दर सगळ्यांत स्वस्त’. इथे बुकिंग डॉट कॉमची ‘जीनियस’ ही सभासद योजना घेऊ, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना तीच दिसते. नुसतं खातं उघडलं की पहिली लेव्हल आणि निवडक ठिकाणी दहा टक्के सूट. दोन वर्षांत पाच मुक्काम झाले की दुसरी, तिथे सूट पंधरापर्यंत. पंधरा मुक्कामांवर तिसरी, वीसपर्यंत. सूट खरी आहे. प्रश्न एवढाच, की ती देतं कोण? साइट नाही. ती हॉटेलमालकाच्या गल्ल्यातून जाते, वर साइटचं कमिशन वेगळं. आणि मालकाला हे दर ठरवतानाच ठाऊक असतं. मालक काही धर्मशाळा चालवत नाही. शिवाय ही सूट सगळ्या खोल्यांवर नसते, करावर तर नसतेच. ‘जीनियस दर ३,६००’ हे हिरव्या अक्षरांतलं दिसतं, पण शेजारच्या साइटवर तीच खोली नाश्त्यासकट ३,५०० ला असली तरी आपण बघत नाही, कारण लेव्हल इथली आहे ना!

तुलना करायची तर एका तारखेची, एका खोलीची, नाश्ता आणि रद्द करण्याच्या अटी सारख्या ठेवून, करासकट शेवटच्या आकड्याची. त्यातून मिळणारे पॉइंट रुपयांत वजा करा. एवढंच. मी हे आता ग्रुपवर टाकते तेव्हा जाऊबाई ‘एवढं कोण करतं’ म्हणतात. भाजी घेताना चार गाड्या फिरतात त्या.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे लिहायला बसले तो: ‘हॉटेलला थेट कमी दर द्यायला बंदी असते’. हे कधीकाळी बऱ्याच अंशी खरं होतं. साइटी हॉटेलांशी करार करताना दर-समानतेचं कलम घालत, म्हणजे आमच्यापेक्षा स्वस्त कुठेही विकायचं नाही. पण १९ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो या जोडीला २२३.४८ कोटी रुपयांचा आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड सुनावला. त्या आदेशात मेकमायट्रिप-गोआयबिबोला अशी समानतेची कलमं करारांतून काढायला सांगितलं. युरोपातही नव्या डिजिटल कायद्यामुळे बुकिंग डॉट कॉमने २०२४ मध्ये ही कलमं सोडली. म्हणजे ज्या बंदीचा धाक हा मेसेज घालतो, तिच्यावरच आयोगाने बोट ठेवलंय.

आणि मालकाच्या बाजूचा हिशेब बघा. साइटींचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्क्यांत असतं. ४,००० ची खोली आणि २० टक्के कमिशन धरलं तर मालकाच्या हातात ३,२००. तुम्ही फोन केलात आणि त्याने ३,६०० सांगितले, तर त्याचे चारशे वाचले आणि तुमचेही चारशे. याउलट साइटचे दोन टक्के पॉइंट म्हणजे ८० रुपये, तेही पुढच्या वेळी, तेही अटींवर. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

गेल्या उन्हाळ्यात कोकणातल्या एका घरगुती लॉजला मी असाच फोन लावला. पलीकडून मालकीणबाई म्हणाल्या, “साइटवर बघितलंत ना? मग त्यातले चारशे कमी द्या. पण जेवायला किती जण ते आत्ताच सांगा, मासे सकाळी आणावे लागतात.” असला प्रश्न कुठल्याही ॲपने मला अजून विचारलेला नाही.

इथे एक पथ्य मात्र पाळायचं. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाखाली स्वतःचा नंबर चढवून ॲडव्हान्स उकळणारे भामटे आहेत. नंबर दोन ठिकाणी पडताळा, पूर्ण रक्कम आधी पाठवू नका आणि तारीख, दर, रद्द करण्याची अट व्हॉट्सॲपवर लेखी मागून घ्या. अनोळखी देशातलं लहान हॉटेल असेल, रात्री दोनला पोहोचायचं असेल किंवा बेत पक्का नसेल, तर मीसुद्धा साइटवरूनच करते, मोफत रद्द होणारं. साइटचा खरा उपयोग तो आहे, पॉइंट नाही.

मोठ्या साखळी हॉटेलांचं गणित तर पूर्ण उलटं. मॅरियट किंवा हिल्टनची खोली तिसऱ्या साइटवरून घेतली तर त्यांचे स्वतःचे पॉइंट सहसा मिळत नाहीत, आणि सभासदत्वाच्या वरच्या पायरीसाठी त्या रात्री मोजल्या जात नाहीत. थेट त्यांच्याकडे फुकट सभासद झालं तरी बरेचदा थोडा कमी दर दिसतो. पॉइंट वापरून सलग पाच रात्री घेतल्या तर मॅरियटमध्ये त्यातल्या सगळ्यांत कमी पॉइंटच्या रात्रीचे पॉइंट लागत नाहीत. हिल्टनमध्ये पाचवी रात्र अशीच सुटते, पण तिथे निदान सिल्व्हर या पायरीचं सभासदत्व असावं लागतं. पाचातली एक म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत. हे फॉरवर्डमध्ये कुठे आलंय?

कराबद्दल मेसेज गप्पच आहे, आणि मला तर तिथेच सगळ्यांत जास्त पैसे दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. गोव्यात तुम्ही ७,८०० ची खोली बघताय असं समजा. कर १,४०४, एकूण ९,२०४. हॉटेलने तीच खोली ७,५०० ला दिली तर कर ३७५, एकूण ७,८७५. दर तीनशेने उतरला, बिल १,३२९ ने. म्हणून अशा दरांच्या आसपास असाल तर फोनवर नुसतं ‘काही कमी होईल का’ विचारू नका, ‘साडेसात हजारांत बसवा’ म्हणा. दर खोलीचाच उतरायला हवा. बिल ७,८०० चं ठेवून तीनशे साइटच्या वॉलेटमधून भरले तर कराचा टप्पा तोच राहतो.

वॉलेटवरून ‘पॉइंट साठवा’ हा सल्ला आठवला. इथे माझे स्वतःचे हात पोळलेत. एका साइटच्या वॉलेटमध्ये माझे २,४०० रुपये दिसत होते. कुटुंबाच्या मोठ्या ट्रिपसाठी जपून ठेवले होते, अगदी मुलांनाही सांगून ठेवलेलं. गणपतीपुळ्याचं बुकिंग करताना पैसे भरायच्या पानावर आले तर वापरता येत होते १८० रुपये. बाकीचे ‘प्रमोशनल’ होते, एका बुकिंगला ठरावीक टक्क्यांपर्यंतच चालणारे. तीन महिन्यांनी पुन्हा उघडलं तर त्यातले बरेचसे मुदत संपून उडाले होते. तक्रारीला उत्तर आलं, अटी क्रमांक अमुक पाहाव्यात. पाहिल्या. होतं तसं लिहिलेलं.

खात्यात पडलेल्या पॉइंटवर व्याज मिळत नाही, उलट त्यांची किंमत कंपनी एका ईमेलने कमी करू शकते. मार्च २०२२ मध्ये मॅरियटने कुठल्या हॉटेलला किती पॉइंट लागतील याचा ठरावीक तक्ताच काढून टाकला आणि पॉइंटचा भाव मागणीप्रमाणे हलता केला. ज्यांनी जुन्या तक्त्यावरून ‘अजून एवढे हवेत’ म्हणून वर्षानुवर्षं साठवले होते, त्यांचं लक्ष्यच सरकलं. त्यामुळे मिळाले की पुढच्याच बुकिंगला वापरून मोकळं व्हायचं. ठेवायचेच असतील तर प्रमोशनल आणि कॅश असं नाव दिलेले हे दोन प्रकार वेगळे करून, मुदतीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून.

राहिला शेवटचा सल्ला, जास्तीची रात्र बुक करण्याचा. इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर हॉटेल्स डॉट कॉमच्या जुन्या दहा शिक्क्यांच्या योजनेत तो चालायचा. माझा मावसभाऊ अमेरिकेत एडिसनला असतो. त्याच्या नऊ रात्री झाल्या होत्या, सगळ्या १५० डॉलरच्या आसपास. दहावीसाठी त्याने घरापासून दहा मिनिटांवर ६० डॉलरचं मोटेल बुक केलं आणि खरंच जाऊन तिथे झोपला. वहिनीने डबा दिला. सकाळी तो परस्पर ऑफिसला गेला. स्वस्त रात्रीमुळे सरासरी १५० वरून १४१ वर आली, पण ६० डॉलर आणि कर देऊन १४१ ची रात्र पदरात पडली. मला फोन करून तासभर ऐकवलं त्याने.

आज त्याच मोटेलच्या रात्रीचे त्याच्या खात्यात १ डॉलर २० सेंट पडतील.