सरपंचाचं पत्र पुरत नाही

खान्देशातल्या पीएचडी मार्गदर्शकांत सध्या एक मत जोरात आहे: गावात संशोधन करायचं तर सरपंचाचं पत्र घ्यावं, ग्रामसेवकाला कळवावं आणि मुलाखती सुरू कराव्यात, प्रत्येकाची वेगळी संमती ही परदेशी थेरं. इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून हे 'परदेशी' वाचलं की टोचतं. शिवाय ते खोटं आहे. आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वं मुंबईच्या 'सेहत' या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच तयार झाली. गावाची परवानगी असली तरी माणसाची संमती वेगळी घ्या, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची तत्त्वंही सांगतात.

रावेर-यावलच्या केळीबागेतल्या मजुरांचा अभ्यास करायचा आणि परवानगी देणारा बागवालाच! मजूर 'हो' म्हणणारच, आणि मजुरीचा आकडाही मालकाला रुचेल तोच सांगणार. नीती राहू द्या बाजूला, डेटाच कुजला की! तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये २००९च्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या) लस प्रकल्पात आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. नंदुरबारच्या आश्रमशाळांत प्रश्नावल्या वाटणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं. मुलांसाठी पालकांची संमती हवी, आणि मूल स्वतः नको म्हणालं तर विषय संपला.

इथे लेस्टरमध्ये तरी काय दिवे लागलेत म्हणा. आमच्या विद्यापीठाच्या नीती कमिटीचा निम्मा जीव विद्यापीठावर दावा होऊ नये यात अडकलेला, आणि लांबलचक माहितीपत्रक कोणी वाचत नाही. पण कागद फुगला म्हणून विचारणंच सोडायचं?

सातपुड्यात, धडगावला छापील मराठी फॉर्म वाचून दाखवणं वाया. तिथल्या पावरी बोलीत सांगा, मग बाईलाच विचारा: आम्ही काय विचारणार आहोत? तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल? 'रेशन बंद होईल' असं उत्तर आलं तर संमती झालेली नाही, पुन्हा समजावा. अंगठ्याचा साक्षीदार तुमच्या टीममधला नको, सरपंचाचा माणूसही नको. मुलाखत, रेकॉर्डिंग, फोटो यांना वेगवेगळं विचारा. बुडालेली मजुरी द्या आणि मध्येच थांबलात तरी मिळेल, हे आधीच सांगा.

नाव बदलून भागत नाही. पाड्याचं नाव, 'आशा कार्यकर्ती, तीन मुली' एवढं छापलं की अख्खा तालुका ओळखतो. पाडा गाळा, वय गटात लिहा, खऱ्या नावांची यादी वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवा. ऑडिओ व्हॉट्सॲपवर फिरवणं तर थांबवाच.

लांबून बोलणं सोपं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. जळगावहून अहिराणी बोलत सातपुड्यात चढणाराही तिथे परकाच. मलाही पावरी येत नाही, आणि स्वतःला खान्देशी म्हणवताना ते इथे जास्तच खुपतं. म्हणून दुभाषी लागतेच. पण त्याच पाड्यातली घेतली तर नवऱ्याच्या मारहाणीबद्दल कोण बोलेल तिच्यासमोर? दुसऱ्या गावातली बघा, मानधन द्या आणि गुप्ततेच्या कागदावर तिचीही सही घ्या.