कुत्रं परत करण्याआधी मधलं दार बंद करून बघा

आज सकाळी कुत्री दत्तक घेतलेल्या एका घरातून निरोप आला. "ताई, कुत्री फार गोड आहे, पण आमच्या चिंगी मांजरीशी तिचं जमत नाही. संध्याकाळी घेऊन जाल का?" कुत्री त्या घरात गेल्याचा आज चौथा दिवस. सोबत एक व्हिडिओ. चिंगीला कॅरियरमध्ये कोंबलंय, कॅरियर हॉलच्या मधोमध ठेवलाय, कुत्री जाळीला नाक लावून थरथरतेय आणि मागून कुणीतरी हसत म्हणतंय, "बघ, कशी ओळख करून घेतेय!" तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहायला बसले.

याला ओळख म्हणत नाहीत हो. मांजराचा सगळा जीव पळायच्या वाटेत असतो, आणि तीच तुम्ही बंद केलीत. त्या एका मिनिटात चिंगीला कळलं की या प्राण्याचा वास आला की आपण अडकतो. कुत्रीला कळलं की त्या डब्यात काहीतरी जबरदस्त आहे आणि ते आपल्याला मिळू देत नाहीत. पुढच्या वेळी चिंगी दिसताच ती झेपावली आणि नाकावर नख खाल्लं. आता ती "मांजरांसोबत राहू शकत नाही" असा शिक्का घेऊन परत येणार. दोन वर्षांची गावठी कुत्री, अजून कुणावर दात उगारलेला नाही.

वर म्हणे, "पहिले दोन दिवस तर तिने मांजराकडे ढुंकूनही बघितलं नाही, मग अचानक काय झालं?" अचानक काहीच झालं नाही. नव्या घरात आलेलं मोठं कुत्रं पहिले काही दिवस दबून असतं. कोपऱ्यात झोपतं, कमी खातं, भुंकत नाही. आपण म्हणतो, किती गुणी! ते गुणी नसतं, घाबरलेलं असतं. जरा रुळलं की खरा स्वभाव दिसायला लागतो, आणि नेमके त्याच दिवशी आपण निर्धास्त होऊन दार उघडं टाकतो. म्हणून पहिले दोन आठवडे मांजर आणि कुत्रं एकमेकांना दिसताच कामा नयेत. याला अपवाद करू नका.

आता नीट सांगते. मांजर ज्या खोलीत सगळ्यात जास्त झोपतं, ती खोली मांजराची. वन बीएचकेमध्ये बहुतेक बेडरूमच. लिटर ट्रे, पाणी, खाणं, लपायला एक आडवा ठेवलेला खोका आणि खिडकीपाशी उंच बसायची सोय, सगळं त्या खोलीत. पण हे कुत्रं यायच्या आठवडाभर आधी करा. लिटर ट्रेची जागा आणि घरातला वास एकाच दिवशी बदलला, तर मांजर गादीवर शू करणार, आणि मग तुम्ही तिच्यावरच चिडणार. दाराखाली मोठी फट असेल तर टॉवेलची गुंडाळी लावा.

या दोन आठवड्यांचा आणखी एक फायदा आहे. नव्या कुत्र्यासोबत पिसवा, गोचीड, नायटा, खोकला असं काय काय येतं, आणि यातलं बरंचसं मांजरालाही लागतं. नायटा तर माणसांनाही. तेवढ्या वेळात डॉक्टरांकडून तपासणी, जंताचं औषध आणि राहिलेली लस उरकून घ्या. मांजराची ट्रायकॅट (तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस झाली आहे का, तेही बघा. घरातून बाहेर न जाणाऱ्या मांजराची लस हमखास राहून गेलेली असते.

पहिली ओळख वासाची. एक स्वच्छ सुती फडकं मांजराच्या गालांवरून आणि हनुवटीखाली हलकेच फिरवा, तिथे तिच्या वासाच्या ग्रंथी असतात. ते कुत्र्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ ठेवा. कुत्र्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मांजराच्या खोलीत टाका, पण तिच्या वाटीपासून लांब. ती फिसकारली तर फडकं उचलू नका, वाटी आणखी लांब न्या. रोज थोडं जवळ. कुत्रं फिरायला गेलं की मांजराला हॉलमध्ये सोडा. तिला सगळं हुंगू दे, सोफ्याला गाल घासू दे.

मग जेवण. बंद दाराच्या एका बाजूला कुत्र्याची वाटी, दुसऱ्या बाजूला मांजराची, दोन्ही दारापासून पाच-सहा फुटांवर. दोघंही शांतपणे संपवत असतील तर दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. मांजर खाणं सोडून निघून गेलं, किंवा कुत्रं दार उकरायला लागलं, तर आदल्या दिवसाच्या जागेवर परत. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं, कारण "तो वास आला की चांगलं खायला मिळतं" हा हिशेब डोक्यात पक्का व्हायलाच वेळ लागतो.

दिसण्याची पाळी त्यानंतर. दारात बेबी गेट, म्हणजे लहान मुलांसाठी लावतात ते बुटकं फाटक, लावा. डासांची जाळी चालणार नाही, कुत्रं एका धडकेत ती फाडतं. कुत्र्याला आधी लांब फिरवून आणा, पोटात थोडं असू दे, बॉडी हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसतो तो) आणि सहा फुटी पट्टा. दोन माणसं हवीत, एक कुत्र्यापाशी, एक मांजरापाशी. अंतर निदान दहा फूट. हातात शेंगदाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे. कुत्र्याने मांजराकडे बघितलं की हळूच नाव घ्या, मान वळवली की तुकडा. असं पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पाच म्हणजे पाचच. छान चाललंय म्हणून अर्धा तास ताणलं की शेवटी हमखास बिघडतं.

काय बघायचं तेही सांगते, कारण त्या व्हिडिओत सगळं दिसत होतं आणि कुणालाच दिसलं नाही. कुत्रीचं तोंड घट्ट मिटलेलं, कान पुढे, शेपूट ताठ, अंग दगडासारखं कडक आणि नजर एका जागी रुतलेली. मध्येच बारीक कुंईकुंई. ही शिकारीची पहिली पायरी असते. रोखून बघणं, दबा धरणं, मग पाठलाग आणि शेवटी पकड, असा तो क्रम आहे. तो रोखून बघण्याच्या पायरीवरच तोडायचा असतो, धाव सुरू झाल्यावर कुत्र्याला तुमची हाक ऐकू येत नाही. अंग सैल, तोंड उघडं, जमीन हुंगतंय, मध्येच तुमच्याकडे बघतंय, असं कुत्रं दिसलं तर चांगलं चाललंय. शेपूट हलतेय म्हणून खूश होऊ नका, ताठ शेपटीचं टोक भराभर हलत असेल तर ती उत्तेजना आहे. आणि मांजर फिसकारलं म्हणून घाबरू नका, ती फक्त अंतर मागतेय. कान पूर्ण मागे चिकटले, अंग फुललं, डोळे काळेभोर झाले, की त्या दिवसापुरतं पुरे.

त्या घरात भुंकल्याबद्दल कुत्रीला वर्तमानपत्राची गुंडाळी मारली. हे मला दुपारी फोनवर कळलं आणि बोलणंच सुचेना. अहो, मांजर दिसलं की मार पडतो, हे तिला कळलं. आता मांजराचा राग येणार नाही तर काय होईल? ओरडू नका, पट्ट्याला हिसडे देऊ नका, गळा आवळणारा पट्टा तर घालूच नका. मांजराला कडेवर घेऊन कुत्र्यासमोर धरणं हाही तसलाच प्रकार. ती सुटायला बघते, तुमचा हात ओरबाडते, आणि पळालेल्या मांजरामागे कुत्रं धावतंच. एक पाठलाग दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात घालतो.

मान्य आहे, काही घरांत पहिल्याच दिवशी दार उघडं टाकतात आणि रात्री दोघं एका चटईवर झोपतात. आणि हेही मान्य की काही कुत्री मांजरांसोबत कधीच सुरक्षित राहू शकत नाहीत. कारवान, मुधोळ यांसारख्या जातींची कुत्री धावत्या शिकारीमागे सुटण्यासाठीच घडवलेली आहेत. ज्या कुत्र्याने आधी मांजर मारलंय, त्याच्यावर प्रयोग करू नका. पण आपली ही कुत्री त्यातली नाही. तिला संधीच मिळाली नाही.

पिल्लू आणलं की सोपं, असंही समजू नका. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू मांजरासोबत राहायला पटकन शिकतं हे खरं, पण ते दिवसभर अंगावर उड्या मारतं, आणि बारा वर्षांच्या मांजराला ती शिक्षा होते. पिल्लालाही पट्टा हवाच. मांजराची नखं आधी कापून ठेवा, पगसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्याला एक ओरखडा फार महागात पडतो.

एका खोलीत आणायची वेळ आली की मांजराला वरचे रस्ते हवेत. कपाटाचा माथा, पुस्तकांचं शेल्फ, फ्रिजवर चढायला मधली एक पायरी. कुत्रं पट्ट्यावर, मांजर मोकळं. ठीक चाललं की पट्टा हातातून सोडा, पण गळ्यातून काढू नका, जमिनीवर घसटत राहू दे, म्हणजे वेळ पडली तर त्यावर पाय ठेवता येतो. घरात कुणी नसताना मात्र मधलं दार बंद, पुढचे काही महिने तरी. बाल्कनीच्या जाळीला कुठे भोक नाही ना, हे कुत्रं यायच्या आधी हाताने चाचपा. घाबरलेलं मांजर खाली किती मजले आहेत ते बघत नाही. आणि दिवाळीच्या फटाक्यांत किंवा गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नवं कुत्रं आणू नका, महिनाभर थांबा.

लिटर ट्रे कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा, मांजराची शी कुत्री आवडीने खातात. कुत्रं ट्रेची वाट अडवून बसलं तर मांजर दाबून धरतं, म्हणून दोन वेगळ्या जागी ट्रे हवेत. मांजराचं खाणं उंचावर. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज देऊ नका, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य) कमी पडून हृदय आणि डोळे जातात.

त्या घरातल्या काकूंचा आता राग येत नाहीये. त्या रडत होत्या. दोन्ही जनावरांसाठी जीव टाकणारी बाई आहे, पण कुत्रं हाती देताना पट्टा आणि एक फॉर्म याखेरीज कुणी काही समजावलं नव्हतं. दत्तक देणाऱ्यांनी "घरात मांजर आहे का?" एवढं विचारून थांबू नये, मधलं दार कसं वापरायचं तेही सांगावं. चिंगी परवापासून वॉशिंग मशीनच्या मागे आहे, खाल्लंय की नाही ते त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, कुत्रीचं नंतर बघू, आधी चिंगीला डॉक्टरकडे न्या. मांजर दिवसभर काही खात नसेल तर "येईल बाहेर" म्हणत बसू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतोय आणि शू होत नाहीये, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरकडे निघा.

शेवटचं, आणि हे सगळ्यात जास्त जीव तोडून सांगतेय. नवं कुत्रं आलं की आपण गोचिडांचं औषध आणतो. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या पुष्कळ थेंबांमध्ये पर्मेथ्रिन असतं, गोचिडांच्या अंघोळीच्या औषधात अमिट्राझ असतं. कुत्र्याला चालतं, मांजराला विष. मांजराच्या यकृताला पर्मेथ्रिन नीट मोडता येत नाही. औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर घासलं किंवा त्याला चाटलं तरी पुरे. दुकानात मागताना "घरात मांजर आहे" हे आधी सांगा, पाकिटावरची नावं स्वतः वाचा, आणि डॉक्टरांकडून दोघांनाही चालेल असंच औषध लिहून घ्या. चुकून थेंब लागलाच आणि मांजर थरथरायला लागलं, लाळ गाळायला लागलं, तर उलटी करवू नका, दूध पाजू नका. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड साबण टाकून ती जागा धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळा, औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि रिक्षा पकडा.