‘एक पाहिला की सगळे पाहिले’ हे खरं नाही

जुन्या अमेरिकी सिनेमांबद्दल एक मत बरंच फिरतं आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय हाच: ‘१९६२-६३च्या समुद्रकिनाऱ्यावर घडणारे, मैत्रीचे आणि वयात येण्याचे सिनेमे म्हणजे सगळ्या ‘बीच पार्टी’च्या नकला. लाटा खोट्या, संगीत सर्फवाल्यांचं, मैत्री नावापुरती, इतिहासाचा पत्ता नाही. एक पाहिला की सगळे पाहिले.’

हे मत तपासायला दोन सिनेमे पुरतात. एक जॉन मिलियसचा ‘बिग वेन्सडे’ (१९७८), कॅलिफोर्नियात फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या, म्हणजे सर्फिंग करणाऱ्या तीन मित्रांचा. दुसरा झेल्डा बॅरनचा ‘शॅग’ (१९८९), साउथ कॅरोलायनातल्या चार मैत्रिणींचा. दोन्हींत किनारा आहे, तारुण्य आहे, साठच्या दशकाची सुरुवात आहे. त्यापलीकडे त्यांच्यात फारसं साम्य नाही.

‘बीच पार्टीच्या नकला’

‘बीच पार्टी’ ऑगस्ट १९६३मध्ये आला. निर्मिती अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सची, दिग्दर्शक विल्यम ॲशर, जोडी फ्रँकी ॲव्हलॉन आणि ॲनेट फुनिसेलोची. त्यात कसलीही आठवण नाही. १९६३च्या प्रेक्षकाला १९६३चाच उन्हाळा विकला होता. मागोमाग ‘मसल बीच पार्टी’ आणि ‘बिकिनी बीच’ (१९६४), मग ‘बीच ब्लँकेट बिंगो’ (१९६५). या मालिकेत कुणाचं वय वाढत नाही, कुणी गाव सोडत नाही, उन्हाळा संपत नाही. चालू हंगामाचा माल होता तो, आणि तेवढ्यापुरता चोखही होता.

आठवणीचा सिनेमा उलट्या टोकाने सुरू होतो. पुढे काय झालं हे लेखकाला आणि प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं; ठाऊक नसतं ते फक्त पडद्यावरच्या पोरांना. हा साचा पक्का केला १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ने. त्यात समुद्र नाही, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावातली १९६२ची एक रात्र आहे. शेवटी चार ओळींत चौघांचं पुढचं आयुष्य येतं: एक अपघातात गेला, एक व्हिएतनाममध्ये बेपत्ता, एक विमा एजंट, एक कॅनडात लेखक. त्या चार ओळी आधीच्या संपूर्ण रात्रीचा अर्थ बदलतात. (चारही मुलगेच, मुलींचं काय झालं ते नाहीच, ही त्यावरची टीका रास्त आहे. ‘शॅग’ ती उणीव आपल्या परीने भरून काढतो.)

‘बिग वेन्सडे’ याच जातीचा. त्याचे चार भाग आहेत: दक्षिणेचा स्वेल (उन्हाळा १९६२), पश्चिमेचा स्वेल (शरद १९६५), उत्तरेचा स्वेल (हिवाळा १९६८) आणि महास्वेल (वसंत १९७४). ही नावं शोभेची नाहीत. आपल्याकडे उधाण म्हटलं की अमावास्या-पौर्णिमा आठवते, पण स्वेलचा चंद्राशी संबंध नाही. दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, वाटेत त्यांच्या शिस्तीत रांगा होतात, त्याला स्वेल म्हणतात. जून ते ऑगस्ट दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिकडच्या वादळांचा स्वेल आठवडाभर प्रवास करून कॅलिफोर्नियाला पोचतो. कथा जिथे घडते त्या, लॉस एंजेलिसजवळच्या मालिबूचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे त्याचे दिवस उन्हाळ्यातच येतात. थंडीत उत्तर पॅसिफिक खवळतो, तेव्हा मोठ्या लाटा दुसरीकडे फुटतात आणि मालिबू बऱ्यापैकी आडोशाला राहतं. म्हणजे भागाचं नाव वाचताच जाणकाराला ऋतू कळतो, आणि सुखाचे दिवस दक्षिणेच्या स्वेलचे होते हेही कळतं. ‘बीच पार्टी’च्या मालिकेत अशी एक जागा दाखवावी.

‘लाटा खोट्या’

‘बीच पार्टी’ मालिकेबद्दल हे निम्मं खरं आहे. लांबून दिसणारे सर्फर खरे होते. मालिबूचा नामांकित सर्फर मिकी डोरा त्यांत होता. जवळच्या शॉटमध्ये मात्र नट स्टुडिओत फळीवर उभा आणि मागच्या पडद्यावर लाटेचं चित्रीकरण. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. केस कोरडे असतात. चेहऱ्यावरचा उजेड एका बाजूने आणि लाटेवरचा दुसऱ्या बाजूने येतो. आणि पायाखालची फळी दिसत नाही, कारण चौकट कमरेपाशी कापलेली असते.

‘बिग वेन्सडे’त कॅमेरा लाटेत शिरतो. पाण्यातलं चित्रीकरण जॉर्ज ग्रीनो, डॅन मर्कल आणि बड ब्राउन यांच्यासारख्यांनी केलं. ही माणसं जलरोधक पेटीत कॅमेरा घालून स्वतः लाटेखाली पोहणारी. हे किती कष्टाचं ते आकड्यांत पाहा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. ४०० फुटी रिळात ६,४००. सेकंदाला २४ चौकटींच्या नेहमीच्या वेगाने ते सुमारे साडेचार मिनिटं चालतं. पण लाट संथ दिसावी म्हणून वेग चौपट केला, तर तेच रीळ ६७ सेकंदांत संपतं. मग किनाऱ्यावर परत, पेटी पुसायची, रीळ बदलायचं, पुन्हा पोहत आत. बटण घाईने दाबलं तर लाट फुटेपर्यंत फिल्म उरत नाही. उशिरा दाबलं तर लाट गेलेली असते.

मोठ्या लाटांवर नटांच्या जागी कसलेले सर्फर आहेत, उदाहरणार्थ विल्यम कॅटच्या जागी पीटर टाउनएंड आणि गॅरी ब्यूसीच्या जागी इयन केर्न्स. जागाही उसन्या आहेत: कॅलिफोर्नियातलंच हॉलिस्टर रँच, एल साल्वाडोरमधलं ला लिबर्ताद, आणि शेवटासाठी हवाईचा सनसेट बीच. मग मालिबूचा भास टिकतो कसा? मालिबूची लाट उजवी आहे. फळीवरचा माणूस उजवीकडे कापत जातो. उसन्या घेतलेल्या जागाही उजव्याच लाटांच्या निवडल्या. एक जरी डावी लाट घुसली असती तरी मालिबू जाणणाऱ्याला लगेच खटकलं असतं. लाट उसनी आहे, खोटी नाही.

१९६२च्या भागात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे, ती म्हणजे फळी. तेव्हाची फळी साडेनऊ-दहा फुटांची, आत फोम आणि वरून फायबरग्लास, वजन ११ ते १४ किलो. पायाला बांधायची दोरी सत्तरच्या दशकात आली. त्याआधी पडलं की फळी किनाऱ्याला लागणार आणि माणूस पोहत तिच्यामागे जाणार. सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसायची भीती वेगळीच. १९६७नंतर फळ्या झपाट्याने आखूड झाल्या. शेवटच्या भागात नामांकित सर्फर गेरी लोपेझ स्वतःच्याच नावाने येतो तो आखूड फळी घेऊन. तिथे संवादाची गरजच पडत नाही. जुन्यांचा काळ सरल्याचं फळीच सांगते.

‘संगीत सगळं सर्फवाल्यांचं’

हा आरोप ‘शॅग’वर केला तर कॅरोलायनात हसतील. तिथे ‘बीच म्युझिक’ म्हणजे सर्फची गिटार नव्हे. ते कृष्णवर्णीय गायकांचं रिदम अँड ब्लूज. डॉमिनोजचं १९५१चं ‘सिक्स्टी मिनिट मॅन’ त्यातलं आद्य मानतात. १९६०चं ‘स्टे’ गाणारा मॉरिस विल्यम्स तर साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरचाच. गोऱ्यांच्या रेडिओवर ही गाणी सहसा लागत नसत. किनाऱ्यावरच्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं की वाजत. म्हणून ती ‘बीच’ची गाणी झाली.

शॅग हे त्यावरच्या नाचाचं नाव. साउथ कॅरोलायनाने १९८४मध्ये त्याला राज्यनृत्य केलं. सहा मात्रांत आठ पावलं: एक-आणि-दोन, तीन-आणि-चार, पाच, सहा. पहिल्या दोन जोड्यांत तीन-तीन जलद पावलं, शेवटी मागे एक आणि जागेवर एक. जोडी एका सरळ पट्टीत पुढे-मागे सरकते, गोल फिरत नाही. सगळं काम कमरेखाली. खांदे स्थिर, डोकं एका उंचीवर, तळवे जमिनीला घासून. जाइव्ह हा उसळता नाच येणारा शिकायला लागला की इथेच चुकतो: तो उसळतो. शॅगमध्ये उसळी आली की नाच गेला. चाल मध्यम लागते. फार जलद गाण्यावर तीन पावलं दोन मात्रांत मावत नाहीत आणि पाय अडखळतात. सिनेमातले नाच केनी ऑर्टेगाने बसवले आहेत. ते पाहताना चेहरे सोडून पायांकडे बघावं.

‘मैत्री नावापुरती’

याला फार जागा द्यायला नको. ‘शॅग’मध्ये चौघी घरी सांगतात की फोर्ट समटरचा ऐतिहासिक किल्ला बघायला चाललोय, आणि जातात मर्टल बीचला. त्यांतल्या कार्सनचं लग्न ठरलंय, आणि ही सहल तिच्यासाठी आहे. कथेला गती देणारा प्रत्येक निर्णय मैत्रिणींच्या आपापसांतल्या भांडणातून आणि समेटातून होतो. मुलगे निमित्त आहेत. ‘बिग वेन्सडे’त तर मॅट, जॅक आणि लिरॉय वर्षानुवर्षं भेटत नाहीत. १९७४ला मोठा स्वेल येतो तेव्हा कुणी कुणाला बोलावत नाही, तरी तिघे येतात. नावापुरत्या मैत्रीला असा शेवट लिहिता येत नाही.

‘इतिहासाचा पत्ता नाही’

या मुद्द्यावर जास्त थांबायला हवं, कारण त्यात एक चूक आहे आणि एक खरी गोष्ट.

चूक ‘बिग वेन्सडे’बाबत. दुसरा भाग १९६५च्या शरदातच का? २८ जुलै १९६५ला अध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीचा मासिक आकडा १७,०००वरून ३५,०००वर नेला. मराठीत समुद्राला आणि सैन्याला ‘भरती’ हा एकच शब्द लागतो. या सिनेमाचा संबंध दुसऱ्या भरतीशी आहे. भरती केंद्रातल्या तपासणीचा प्रसंग पाहा. पोरं अपात्र ठरण्यासाठी जे जे सोंग काढतात, कुणी वेडाचं, कुणी अधू पायाचं, त्यावर प्रेक्षक हसतो. जॅक मात्र सोंग न करता जातो आणि परत येतो. त्यांचा मित्र वॅक्सर जातो आणि परत येत नाही. समुद्राबाहेर काय चाललं होतं हे याहून थेट कसं दाखवायचं?

खरी गोष्ट ‘शॅग’बाबत आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. तो १९६३मध्ये घडतो, आणि त्याचा १९६३ फार गोरा आहे. त्याच वर्षी जानेवारीत हार्वी गँट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या क्लेमसन कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी न्यायालयाने राज्य उद्यानं सर्वांना खुली करायला सांगितली, तेव्हा साउथ कॅरोलायनाने ती खुली करण्याऐवजी बंद केली. मर्टल बीचचं समुद्रकाठचं उद्यानही त्यांत होतं. सिनेमातल्या मुलींच्या कानावर यातलं काही येत नाही. त्या घरांतल्या मुलींच्या कानावर ते आलं नसेल, हा बचाव पुरा पडत नाही, कारण त्या नाचतात तो नाचच त्या इतिहासातून आलेला आहे.

मर्टल बीचच्या कृष्णवर्णीय वस्तीत चार्ली फिट्झजेराल्ड यांचा ‘चार्लीज प्लेस’ नावाचा क्लब होता. गोरी पोरं तिथे जाऊन ती गाणी ऐकत, पावलं बघत आणि नाचतही. गोरे-काळे एका फरशीवर नाचतात हेच खुपलं. २६ ऑगस्ट १९५०च्या रात्री कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीने क्लबवर हल्ला केला, शेकडो गोळ्या झाडल्या, फिट्झजेराल्ड यांना पळवून नेऊन मारहाण केली आणि त्यांचे कान चिरले. हल्लेखोरांतला एक जण मेला. त्याच्या पांढऱ्या झग्याखाली पोलिसाचा गणवेश निघाला.

‘शॅग’ हे सांगत नाही. ‘इतिहास नाही’ असं लिहिणाऱ्याने नेमकं हे लिहिलं असतं, तर त्याला प्रतिवाद करण्याचं कारण नव्हतं. पण त्याने ‘बिग वेन्सडे’लाही त्याच दोरीत ओवलं, आणि ‘शॅग’मधला नाच कुठून आला हेही शोधलं नाही.