आधी शिसं तपासा

प्रेशर वॉशरने, म्हणजे जोरात पाणी मारणाऱ्या मशीनने, घराच्या लाकडी साइडिंगचा (बाहेरच्या भिंतींवरच्या फळ्यांचा) जुना रंग एका दिवसात निघतो, असं एका लेखात वाचलं. कळकळीने सांगते, घाई करू नका. आमचं न्यू जर्सीतलं घर १९५५ चं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली, म्हणजे त्याआधीच्या घराचा रंग तपासायलाच हवा. शिसं असेल तर उडालेल्या खपल्या थेट मातीत जातात, जिथे मुलं खेळतात! आम्ही एका कोपऱ्यात मशीन चालवून पाहिलं. सीडरच्या फळीचं मऊ लाकूड खरवडून गेलं, कडक रेषा तेवढ्या वर राहिल्या. अजून हाताला लागतात. पाणी खालून वर मारलं तर फळ्यांच्या मागेही शिरतं. शेवटी जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून, रंग ओला करून स्क्रेपरनेच काढला.