मेंदूतलं ग्लायकोजेन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिरकस आहे, पण मेंदूतल्या ग्लायकोजेनवरचा (म्हणजे ग्लुकोजचे रेणू जोडून केलेल्या साखरेच्या साठ्यावरचा) माझा लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे: मेंदू साखर साठवत नाही हे पाठ्यपुस्तकातच आहे, ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींच्या मदतनीस पेशींमधलं ग्लायकोजेन इतकं नगण्य की त्यावर लेख लिहिणं म्हणजे राईचा पर्वत, आणि या पेशी चेतापेशींना लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट फोडून बनणारं इंधन) पुरवतात हा नुसता तर्क आहे. शिवाय, साठा इतका मोलाचा असेल तर चेतापेशी स्वतःच का करत नाहीत, असाही प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय.

राई किती, ते आधी बघू. माणसाच्या मेंदूत ग्लायकोजेन एक ग्रॅमच्या आसपास भरतं, यकृतात शंभरेक ग्रॅम. मेंदूला तासाला पाचेक ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे सगळा साठा दहा-बारा मिनिटांचा. उपाशीपोटी यावर कोणी तगून राहणार नाही, इथवर तुमचं बरोबर.

पण हा साठा अख्ख्या मेंदूला पोसण्यासाठी आहे असं कोण म्हणतं? ग्लायकोजेनचे कण असतात ते ॲस्ट्रोसाइटच्या बारीक फांद्यांमध्ये, चेतापेशींच्या जोडांना बिलगून. जोडावर ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन सुटलं की ॲस्ट्रोसाइट ते सोडियमसोबत आत ओढून घेते, आणि मग तो सोडियम बाहेर काढायला पंप चालवावा लागतो. ही ऊर्जा तिथेच आणि तत्काळ हवी असते. नॉरॲड्रेनालिन या सतर्कतेच्या रसायनाचा इशारा मिळताच ग्लायकोजेन तुटायला लागतं. ग्लुकोज वापरायला घ्यायचं तर सुरुवातीलाच एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मोजावा लागतो. ग्लायकोजेनमधून सुटलेल्या साखरेच्या बाबतीत तो खर्च वाचतो.

उंदराच्या दृष्टिचेतेवरचा (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेवरचा) प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. चेता बाहेर काढून ग्लुकोज नसलेल्या द्रावात ठेवली तरी साधारण वीस मिनिटं संदेश वाहत राहतात. आधी ग्लायकोजेन कमी करून ठेवलं, तर ती लवकर थकते. साठा ॲस्ट्रोसाइटमध्ये आणि काम चेतातंतूंचं, म्हणजे मधे काहीतरी हस्तांतर होतंच. २०११ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या स्मृती घडवणाऱ्या भागात) ग्लायकोजेन तोडण्याची क्रिया औषधाने रोखली, तेव्हा शिकलेलं दुसऱ्या दिवशी टिकलं नाही. सोबत लॅक्टेट दिलं तेव्हा टिकलं. मात्र चेतापेशींमधली लॅक्टेट आत घेणारी प्रथिनंच कमी केली, तर लॅक्टेट देऊनही उपयोग झाला नाही. राई म्हणा हवं तर, पण काढून घेतली की विसरायला होतं!

आता लॅक्टेट. १९९४ मध्ये पेलेरिन आणि माजिस्ट्रेट्टी या संशोधकांनी ॲस्ट्रोसाइट चेतापेशींना लॅक्टेट पुरवतात ही कल्पना मांडली, तेव्हापासून भांडण चालू आहे, आणि लेखात मी तिला ‘प्रस्ताव’च म्हटलंय. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूवरच्या प्रयोगांत दिसलं की उद्दीपित झालेल्या चेतापेशी स्वतःच जास्त ग्लुकोज फोडतात. त्यामुळे लॅक्टेट हेच त्यांचं मुख्य इंधन, हा दावा मला पटत नाही. पण हा वाद पुरवठ्याचा झाला. साठा कुठे आहे याबद्दल वाद नाही.

पाठ्यपुस्तकातलं वाक्य यकृताशी तुलना करताना चालून जातं. त्यात मोजमापाचीही अडचण आहे: रक्तपुरवठा थांबला की मेंदूतलं ग्लायकोजेन काही मिनिटांत संपतं. खरा आकडा हवा तर प्राण्याच्या मेंदूतली एन्झाइमं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) मायक्रोवेव्हने क्षणात बंद पाडावी लागतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो उत्तम आहे. ग्लायकोजेन बनवणारं एन्झाइम चेतापेशींतही असतं, पण त्या ते दाबून ठेवतात, कारण साठा त्यांना सोसत नाही. १९११ मध्ये गोन्सालो लाफोरा यांनी वर्णन केलेल्या, किशोरवयात फिट्सने सुरू होणाऱ्या लाफोरा रोगात चेतापेशींत सदोष ग्लायकोजेनचे गोळे साचतात आणि त्या मरू लागतात. हाच रोग असलेल्या उंदरांमध्ये ते एन्झाइम जनुकासकट काढून टाकलं, तर गोळे बनत नाहीत आणि चेतापेशी वाचतात.