मेलेली नाहीत, जागा बदललेली आहेत

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कर्करोगाच्या पेशीतली एन्झाइम मेलेली असतात. हे शोधणाऱ्या वॉरबर्गला १९३१ चं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. एन्झाइम पावडर घ्या, केमो टाळा.’ शेजारच्या काकूंची केमो चालू आहे आणि घरात पावडरचा डबा येऊन पडलाय, म्हणून लिहितोय.

एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं. ती मेलेली? काकूंचा पेट स्कॅन आठवा. शिरेतून दिलेलं साखरेसारखं द्रव्य गाठीत साठलं, म्हणून गाठ उजळली. पेशीतलं हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं आणि ते आत अडकतं. मेलेल्या एन्झाइमकडून हे काम होत नाही.

फरक असतो तो प्रमाणात आणि जागेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अनेक कर्करोगी पेशींत हेक्सोकायनेज-२ हा त्याचा प्रकार भरपूर असतो आणि मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, बाहेरच्या आवरणाला चिकटलेला सापडतो. तिथून निघणारा एटीपी, म्हणजे ऊर्जा वाहणारा रेणू, त्याला लगेच मिळतो. आपल्या सोलापुरात हे समजावायला नको, सुताने भरलेल्या कांड्या मागाशेजारी असल्या की माग खोळंबत नाही. मात्र निरोगी मेंदूतही हेक्सोकायनेज-१ असंच चिकटलेलं असतं, त्यामुळे एवढ्यावरून कुठलीही पेशी कर्करोगी ठरत नाही. आता कॅथेप्सिन बी हे दुसरं एन्झाइम पाहा. निरोगी पेशीत ते मुख्यतः लायसोसोम नावाच्या पेशीतल्या पिशवीत प्रथिनं तोडतं. बऱ्याच कर्करोगी पेशींत या पिशव्या कडेला सरकतात, एन्झाइम बाहेर पडतं आणि आजूबाजूची ऊती पोखरून पेशींना पसरायला वाट करून देतं. याला कमतरता म्हणायचं?

मेसेजमधल्या वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं नोबेल श्वसनाच्या, म्हणजे पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढते त्या क्रियेच्या, एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. ऑक्सिजन असतानाही गाठी साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात हे त्याने पाहिलं, ते खरं. पण त्यावरून पेशींचं श्वसनच बिघडलेलं असतं हा त्याचा निष्कर्ष टिकला नाही. बहुतेक गाठींत मायटोकाँड्रिया चालू असतात.

राहिली पावडर. एन्झाइम म्हणजे प्रथिन, खाल्लेलं बहुतेक पोटात-आतड्यातच तुटतं. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ म्हणाल, तर काचेच्या बशीतल्या पेशींवर थेट ओतलेल्या द्रव्याच्या वाटेत ना पोट असतं, ना यकृत. रक्ताच्या एका कर्करोगावर अ‍ॅस्परॅजिनेज हे एन्झाइम खरोखर औषध आहे, पण ते डॉक्टर इंजेक्शनने देतात आणि बहुधा केमोसोबतच.

काकू, पुढची केमो चुकवू नका. जाताना तो डबा सोबत न्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.